गुलाबी रेशमातला अर्ल: एका प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

४ मे

काम ठरलं. अँथनी व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराने १६३३-३४ च्या सुमारास रंगवलेलं विल्यम फील्डिंग, पहिला अर्ल ऑफ डेनबी याचं पूर्णाकृती व्यक्तिचित्र. तैलरंगात, निम्म्या मापात. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची २४७.५ सेंटिमीटर, रुंदी १४८.५. तेवढा कॅनव्हास आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात दारातून उभा आत यायचा नाही, म्हणून निम्मं. लांबी-रुंदी निम्मी केली की क्षेत्रफळ पाव होतं, हे रंगांची खरेदी करताना बरं वाटतं.

हेच चित्र का, असं भावोजींनी विचारलं. गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हा ते समोरासमोर पाहिलं. व्हॅन डाइक म्हटलं की मला इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आठवायचा: घोडे, काळं साटिन, लेसच्या कॉलरी. आणि इथे एक राखाडी केसांचा, पोट सुटलेला इंग्रज उमराव गुलाबी रेशमी अंगरखा आणि पायजमा घालून रानात उभा. कापडावर सोनेरी बारीक रेघा. गळ्याशी आणि मनगटांशी आतला पांढरा युरोपी शर्ट डोकावतो, पायांत काळे बूट. एका हातात शिकारीची लांब नळीची बंदूक, दुसरा हात दचकल्यासारखा उघडा. शेजारी पिवळसर झग्यातला, पागोटं बांधलेला हिंदुस्थानी मुलगा वर बोट दाखवतोय, तिकडे माडावर पोपट बसलाय. माझ्याआधीच्या दोन माणसांनी पायजमा बघून हसून घेतलं आणि पुढे गेले. मी बराच वेळ तिथेच.

यापुढचं काम अर्थात गॅलरीच्या मोठ्या रेझोल्यूशनच्या छायाचित्रावरून आणि तेव्हा वहीत केलेल्या टिपणांवरून.

६ मे

माणूस कोण होता ते एकदा लिहून ठेवते. चेहरा रंगवायच्या आधी ते डोक्यात असलेलं बरं.

जन्म १५८७ च्या आसपासचा. घर वॉरिकशरमधलं, न्यूनहॅम पॅडॉक्स. स्वतःच्या कर्तृत्वावर तो फार वर गेला असता असं वाटत नाही, पण बायको सुझन ही जॉर्ज व्हिलियर्सची बहीण. हा व्हिलियर्स म्हणजेच ड्यूक ऑफ बकिंगहॅम, पहिल्या जेम्सचा आणि नंतर चार्ल्सचा लाडका. मेव्हण्याच्या मागोमाग फील्डिंग चढत गेला. १६२२ साली तो अर्ल झाला आणि त्याच साली राजाच्या वस्त्रभांडाराचा प्रमुख. दरबारातले पडदे, गाद्यागिरद्या, नोकरचाकरांचे पोशाख, समारंभांची वस्त्रं, सगळी खरेदी या खात्याची. ही गोष्ट मी अधोरेखित करून ठेवली आहे.

पुढे १६२८ मध्ये फ्रान्समधल्या वेढ्यात अडकलेल्या ला रोशेलच्या मदतीला आरमार घेऊन गेला आणि काही न साधता परत आला. त्याच ऑगस्टमध्ये पोर्ट्समथला बकिंगहॅमचा खून झाला. आधाराचा खांबच गेला. १६३१ मध्ये चार्ल्सची पत्रं घेऊन हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने इराण आणि हिंदुस्थानच्या वाटेला लागले, १६३३ च्या ऑगस्टमध्ये परतले. व्यापार करायचा नव्हता, नोकरी नव्हती. केवळ बघायला म्हणून इथवर आलेल्या पहिल्या इंग्रज उमरावांत त्याची गणना होते.

माझा अंदाज असा की चाळिशी उलटलेल्या, दरबारात वजन घटलेल्या माणसाला दूर कुठेतरी जायचं होतं.

९ मे

चौकोन आखले. मूळ मापाला १६.५ सेंटिमीटरचा चौकोन घेतला की उंचीत बरोबर १५ आणि रुंदीत बरोबर ९ बसतात. माझ्या कॅनव्हासवर तोच ८.२५ चा. एवढा सरळ भागाकार क्वचितच मिळतो. शाळेत असताना मुलांना चौकोन पाडून चित्र मोठं करायला शिकवायचे, तेव्हा निम्मी मुलं पट्टी धरण्यातच दमायची.

बंदुकीची नळी तिरपी आहे आणि तिच्यावर सगळ्या आकृतीचा तोल आहे. ती एका अंशाने हलली तरी अर्ल पडायला लागतो.

१५ मे

पोशाख शिवून घ्यायचं ठरवलं. छायाचित्रावरून चुण्या उतरवता येतात, पण एखादी चुणी तिथेच का पडली ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर ब्रश अडखळतो.

कोल्हापूरहून शुद्ध रेशमाचं गुलाबी कापड मागवलं. सोनेरी रेघांचं मिळेना, तेव्हा साधंच घेतलं आणि पिवळ्या रेशमी दोऱ्याने धावदोऱ्याचे उभे टाके घालून रेघा मीच पाडल्या. बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या टेलरकडे प्रिंट घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून चित्र उलटसुलट पाहिलं. "हा गोरा आमच्याच कपड्यात कसा काय?" मी सांगितलं. मग ते धंद्याच्या प्रश्नांवर आले: नेफा केवढा धरू, मोहरी किती ठेवू, अस्तर लावायचं की नाही. अस्तराचं मला सांगता येईना, तर त्यांनीच अर्लच्या गुडघ्याखालच्या चुण्यांवर बोट ठेवलं. "अस्तर असतं तर कापड इतकं मोडलं नसतं. बिनअस्तराचंच आहे. आणि सरळ कापलंय, उरेब नाही. रेघा बघा की."

खरंच, रेघा सरळ खाली उतरतात. मी आतापर्यंत त्यांच्याकडे नक्षी म्हणून बघत होते. टेलरनी त्यांच्यावरून कापडाचा काप वाचला.

२० मे

पोशाख आला. भावोजींना घातला. उंची अर्लएवढी नसेल पण घेर जुळतो, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बंदूक म्हणून हातात आंबे काढायची आकडी दिली. अंगणात फणसाच्या सावलीत उभे राहिले. "वहिनी, पाच मिनिटं म्हणालात," असं दर पाच मिनिटांनी म्हणत राहिले.

सुती कापड लोंबतं, रेशीम हवा धरून राहतं आणि मग अचानक मोडतं. मोडतं तिथे कडेला प्रकाशाची चिरोटी उठते आणि लगेच पलीकडे गडद. चित्रात नेमकं हेच आहे. पुढे टाकलेल्या पायावर पायजमा ताणलेला, मागच्यावर सैल. कपडा अंगात घातलेला असताना बघून रंगवलाय, किंवा निदान घडवंचीवर नीट चढवून. मनाने रंगवलेला नाही. कोळशाने भरपूर रेखाटनं केली. शेजारच्या पोरांनी कुंपणावर बसून पूर्ण वेळ मनोरंजन करून घेतलं.

२४ मे

व्हॅन डाइकच्या कामाच्या पद्धतीबद्दल एक चांगली साक्ष आहे. एव्हरार्ड याबाख हा श्रीमंत संग्राहक त्याच्याकडे स्वतःची चित्रं काढून घ्यायचा. त्याच्या तोंडून ऐकलेलं रोजे द पील या फ्रेंच लेखकाने पुढे लिहून ठेवलं. एका माणसाला एका वेळी तासापेक्षा जास्त बसवायचं नाही. तास झाला की उठून नम्रपणे वाकायचं, पुढची वेळ ठरवायची. नोकर ब्रश धुऊन दुसरी पॅलेट आणणार, तोवर दुसरा उमराव हजर. चेहऱ्याचा ढाचा झाला की करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने पाव तासात शरीराची ठेवण आणि कपडे टिपून घ्यायचे. तो कागद मदतनिसांकडे. कपडे त्या माणसाच्या घरून मागवून घ्यायचे आणि मदतनिसांनी ते प्रत्यक्ष पाहून रंगवायचे, मग स्वतः शेवटचा हात फिरवायचा. हातांसाठी तर पगारी बाया आणि पुरुष ठेवलेले असत.

म्हणजे अर्लचे हे सुंदर हात बहुधा अर्लचे नाहीत!

याचा मला रंगवताना उपयोग असा की चित्रातली प्रत्येक जागा वेगळ्या अंतरावरून आली आहे. चेहरा तासातासाच्या बैठकीतला. कापड हिंदुस्थानातून पेटाऱ्यात बसून लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समधल्या चित्रशाळेत पोचलेलं. हात भाड्याचे. माड ऐकीव. सगळीकडे एकाच निष्ठेने ब्रश चालवला तर हा फरक पुसला जाईल. प्रतिकृतीत मला तो फरक हवा आहे. यापुढे प्रत्येक भाग घेताना आधी विचारायचं: हे त्यांनी पाहिलं होतं का?

२ जून

पाऊस यायच्या आत कॅनव्हासचं अस्तर, म्हणजे रंगाचा पहिला थर, उरकलं. इंग्लंडमध्ये असताना व्हॅन डाइक पुष्कळदा करडट अस्तर वापरी. मी पांढऱ्यात पिवळी माती, थोडी कच्ची अंबर आणि चिमूटभर काळा घालून तसं साधलं. दोन पातळ हात. वाळल्यावर हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखी पकड.

सफेद्याचा प्रश्न. त्या काळचा पांढरा म्हणजे शिसे-सफेदा: उबदार, थोडा पारदर्शक, लवकर वाळणारा आणि विषारी. मी टायटेनियम आणि झिंक मिसळून, त्यात पिवळ्या मातीचा अगदी थेंब घालून काम भागवणार. नुसता टायटेनियम रेशमावर गेला की रेशमाचा ऑइलपेंट होतो.

११ जून

पाऊस धरला. कॅनव्हास दमट होऊन सैलावला, मागच्या पाचरी ठोकून ताणला. खोलीत रात्री दिवा लावून ठेवते.

तपकिरी रंगात मुख्य आकृत्या बसवल्या. अर्ल, मुलगा, खोड, मागचे डोंगर, वादळी ढग.

१९ जून

रंग वाळेना म्हणून वाचत बसले, आणि मग ते मनातून जाईना.

अर्ल ज्या काळात इकडे आला तो १६३०-३२ च्या महादुष्काळाचा काळ. १६३० साली पाऊस गेला, पुढच्या साली अतिवृष्टीने उरलंसुरलं नेलं. गुजरात, खानदेश, दख्खन. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली तो दुष्काळ हाच. शिवराय तेव्हा शिवनेरीवर रांगत होते. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता, तिथेच जून १६३१ मध्ये मुमताज वारली. पीटर मंडी हा कंपनीचा माणूस १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला, वाटेवर प्रेतं पडलेली त्याने लिहून ठेवली आहेत. १६३१ मध्ये साथीने सुरतेच्या वखारीतले बहुतेक इंग्रज गेले, वखारीचा अध्यक्ष टॉमस रास्टेलही नोव्हेंबरात गेला. आणि ज्यांच्या हातचं कापड विकत घ्यायला हे सगळे इथे बसले होते ते गुजरातचे विणकर एकतर मेले, किंवा गाव सोडून परागंदा झाले. कंपनीला कापडासाठी कोरोमंडल किनाऱ्याकडे बघावं लागलं.

चित्रात यातलं काय आहे? हिरवं रान, लगडलेला माड, पोपट. चेहऱ्यावर आश्चर्य आहे, तेही एका पक्ष्याबद्दल.

अर्लला दोष द्यावा असं नाही. दिवाणखान्यात लावायच्या चित्रात दुष्काळ कोण काढून घेतो? पण एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसते. चित्रात एकच वस्तू अशी आहे की जी त्या दिवसांत या मुलखात होती आणि समुद्र ओलांडून चित्रशाळेत जशीच्या तशी पोचली: तो अंगरखा आणि पायजमा. कुणीतरी ते रेशीम विणलं, कुणीतरी ते बिनअस्तराचं सरळ कापून शिवलं. आणि ते निवडून घेणारा माणूस काही भोळा प्रवासी नव्हता, राजाच्या वस्त्रभांडाराचं काम त्याने केलं होतं. कापड त्याला कळत होतं. तो बोटांत धरून, उन्हात धरून बघितल्याशिवाय घेणार नाही.

तर मग या प्रतिकृतीत सर्वांत जास्त वेळ कापडाला.

५ जुलै

चेहरा. रंग तांबूस, उन्हाने आणि समुद्राने भाजलेला. त्वचेसाठी पिवळी माती, हिंगुळाच्या जागी कॅडमियम लाल, सफेदा, सावलीत हिरवट करडा. नाकाचं आणि गालांचं लालपण जरा जास्त झालं तर विदूषक होतो, कमी झालं तर आजारी. नजर वर आहे, भुवया किंचित उचललेल्या. ठेवणीतला रुबाब इथे नाही. चार्ल्सच्या दरबारातले बाकीचे उमराव व्हॅन डाइककडे तोंड करून आपल्या खानदानासह उभे राहतात, हा एकटा कुठेतरी भलतीकडेच बघतोय. म्हणून मला आवडतो.

८ जुलै

ओठांवर पुन्हा हात फिरवला. बाकी काही नाही, वीज नव्हती.

१४ जुलै ते २६ जुलै

रेशीम. रोजच्या रोज लिहायला जमलं नाही, एकत्र टिपते.

आधी मधला गुलाबी सगळीकडे. त्यात ओल्यातच सावल्या आणि उजेड. मग थांबायचं. या हवेत 'वाळलं' म्हणायला बोट लावून बघण्यापलीकडे काही उपाय नाही. नंतर सावल्यांवर तेलात पातळ केलेल्या किरमिजी रंगाचे ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, आणि अगदी शेवटी चुण्यांच्या कडांवर जाड, कोरडा उजेड.

त्या काळचे गुलाबी आणि किरमिजी मुख्यतः किड्यांपासून किंवा मंजिष्ठेसारख्या मुळांपासून काढलेल्या रंगांचे. कोचिनील तर मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यांचं, स्पॅनिश जहाजांतून युरोपात यायचं. असे रंग उजेडात हळूहळू फिके पडतात. त्यामुळे गॅलरीत आज दिसणारा गुलाबी हाच १६३४ चा गुलाबी, असं धरून चालत नाही. मी आजचा धरला. मुळात असेल असा गडद करून बघण्याचा मोह झाला, पण मग ती माझी कल्पना झाली असती. माझ्या पॅलेटवर क्विनाक्रिडोन रोझ आहे, तो शे-दीडशे वर्षं टिकावा.

सोनेरी रेघा हा खरा कस. लांबून सलग वाटतात. छायाचित्र मोठं करून पाहिलं तर जागोजागी तुटतात. चुणी आत वळते तिथे रेघ बुडते, बाहेर येते तिथे थोडी सरकून येते. उजेडात ती जवळजवळ पांढरी, सावलीत तपकिरी, आणि मधे कुठेच 'सोनं' असं काही नाही, नुसती पिवळी माती आणि शिशाचा पिवळा. मी भावोजींचा पोशाख खिडकीशी खुर्चीवर टाकून ठेवला होता, माझ्याच धावदोऱ्याच्या रेघा तशाच बुडत-वर येत होत्या. त्यांच्याकडे बघून रंगवलं आणि मग छायाचित्राशी ताडून पाहिलं. जमत गेलं.

व्हॅन डाइकला असं कापड नवं नव्हतं. १६२२ साली रोममध्ये त्याने इराणच्या शाहाचा दूत म्हणून आलेल्या सर रॉबर्ट शर्लीचं आणि त्याच्या बायकोचं, तेरेसियाचं चित्र केलं होतं, दोघंही इराणी थाटात. ती चित्रं आता इंग्लंडमध्ये पेटवर्थ हाउसला आहेत. शर्लीचा पोशाख मात्र भरजरी, दरबारी, मिरवायचा. अर्लचा हा घरगुती, सैल, उन्हाळी. असला कपडा घालून पूर्णाकृती चित्र काढून घ्यायचं म्हणजे त्याला हा कपडा मनापासून आवडला होता. दुसरं कारण मला दिसत नाही.

२ ऑगस्ट

आकाश. आणि लसूण.

चार्ल्सचा डॉक्टर तेओदोर द मायेर्न याला चित्रकारांकडून रंगांची माहिती काढून लिहून ठेवायचा नाद होता. डिसेंबर १६३२ मध्ये त्याने व्हॅन डाइकशी बोलून नोंद केली की सगळ्या तेलांत जवसाचं तेल उत्तम, अक्रोडाच्या आणि खसखशीच्या तेलापेक्षाही. निळे आणि हिरवे तेलात बिघडतात म्हणून ते गोंदाच्या पाण्यात कालवून लावायचे आणि वर वार्निश द्यायचं, असंही त्यात आहे. तेलाच्या थरावर पाणी-रंग धरत नाही, त्यावर तोड म्हणून आधी लसणाचा किंवा कांद्याचा रस चोळायचा.

लाकडाच्या फळीवर करून पाहिलं. पाकळी कापून वाळलेल्या तेलरंगावर घासली, वरून गोंदातला निळा. लसणाशिवायच्या भागावर निळ्याचे थेंब पळाले, लसणाच्या भागावर सपाट बसला. घरभर वास. भावोजींनी आत डोकावून विचारलं, आज चटणी आहे का.

प्रत्यक्ष चित्रात मात्र सरळ तेलात. जुन्या आकाशांत बरेचदा स्माल्ट असतं, कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड. तेलात ती काळाने करडी पडते. कोबाल्ट निळ्यात अंबर घालून ढगांचा तो मळकट, पाऊस अंगावर येतोय असा रंग केला. बाहेर तसंच आभाळ होतं, फार शोधावं लागलं नाही.

१४ ऑगस्ट

मुलगा.

हा भाग मी लांबवत होते. अर्लची मुलगी हॅमिल्टन घराण्यात दिली होती. जावई जेम्स हॅमिल्टन चित्रांचा मोठा संग्राहक, आणि हे चित्र त्याच्याकडे गेलं. १६४३ च्या सुमाराच्या त्या संग्रहाच्या यादीत याची ओळख अशी: हातात शिकारीची बंदूक घेतलेले लॉर्ड डेनबी, पूर्णाकृती, आणि शेजारी एक 'ब्लॅकामूर'. त्या काळी सावळ्या-काळ्या कुठल्याही माणसाला इंग्रज हा शब्द लावत. बंदूक आणि मुलगा एका ओळीत, अर्लला नाव आणि मुलाला रंग.

चित्र यादीपेक्षा बरं वागतं. मुलाचा चेहरा भरताना माझी खात्री होत गेली की तो समोर बसवून केला आहे. माड ज्या हाताने केलाय त्या हाताने हा चेहरा केलेला नाही. गालाच्या हाडावरचा उजेड, ओठांची ठेवण, वर न बघता अर्लकडे बघणं, हे कुणा मदतनिसाने डोक्यातून काढलेलं वाटत नाही. आणि चित्राची सगळी हालचाल त्याच्यापासून सुरू होते. तो दाखवतो, मग अर्ल बघतो. रान कुणाला माहीत आहे ते बोटावरून कळतं. बंदूकवाल्याला सांगावं लागतं.

अर्लच्या चेहऱ्याला दिला तेवढाच वेळ याला द्यायचा असं ठरवलं होतं. जास्तच लागला. सावळ्या त्वचेवर आकाशाचा निळसरपणा उतरतो, तो धरला नाही तर तपकिरी पुतळा होतो. कच्ची सिएना, अंबर, थोडा किरमिजी, आणि उजेडात अगदी किंचित कोबाल्ट.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मुहूर्त साधून माड घेतला.

आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या दादाला प्रिंट दाखवली. त्याने ती हातभर लांब धरून पाहिली आणि परत दिली. "बाईनू, ह्या माडार मी काय चडूचंय नाय."

का विचारलं तर म्हणाला, नारळ पेंडीला धरलेले नाहीत, टांगलेत. हा माणूस चित्रकलेवर बोलत नव्हता, जिवाच्या हिशेबाने बघत होता. व्हॅन डाइक हिंदुस्थानात कधीच आला नाही. १६२४ मध्ये तो सिसिलीत पालेर्मोला होता, तिथे खजुरीची झाडं त्याने पाहिली असणार, आणि करवंटीचे पेले तर युरोपात चांदीत मढवून ठेवत. खजूर, करवंट्या आणि अर्लने सांगितलेलं वर्णन यांची बेरीज केली की असला माड उगवतो.

दुरुस्त करून काढू का, असं क्षणभर वाटलं. खिडकीतून पन्नास माड दिसतात, झावळीचा एकेक पाता डोळे मिटून काढता येईल. पण खरा माड काढला तर अर्ल खऱ्या कोकणात उभा राहील, आणि तो तिथे नव्हता. तो ब्लॅकफ्रायर्सच्या खोलीत उभा होता. तेव्हा लंडनचा माड लंडनचाच ठेवला, नारळ टांगलेले.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत म्हणून दोघा-तिघांनी मला विचारलं की हा चित्रकार त्या वखारीतला का. नाही. डच इथे १६३७ च्या सुमारास आले, आणि व्हॅन डाइक अँटवर्पचा, म्हणजे फ्लेमिश. तेव्हा तो लंडनमध्ये राजाचा चित्रकार होता, १६३२ मध्येच 'सर' झालेला.

१० सप्टेंबर

पोपट झाला. बूट झाले. चतुर्थी तोंडावर, आता पंधरवडाभर ब्रशला हात नाही. गणपतीवरची माटवी बांधायची आहे आणि इझल त्याच खोलीत आहे.

३ ऑक्टोबर

बंदुकीची नळी, तिच्यावरचा लांबट उजेड, उघडा हात. भाड्याचा हात, पण काय हात आहे! पाची बोटं पाच दिशांना आणि तरी एक.

चित्र पुरं झाल्यावर अर्लला फार वर्षं मिळाली नाहीत. यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो राजाच्या बाजूने, आणि थोरला मुलगा बेझिल पार्लमेंटच्या. ऑक्टोबर १६४२ मध्ये एजहिलच्या लढाईत बाप-लेक समोरासमोरच्या फौजांत होते. एप्रिल १६४३ मध्ये राजाच्या बाजूच्या प्रिन्स रूपर्टने बर्मिंगहॅमवर हल्ला केला, त्यात हा वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी घोड्यावर होता. डोक्याला जखमा झाल्या आणि काही दिवसांत गेला. बेझिल दुसरा अर्ल झाला. हाच बेझिल त्याआधी व्हेनिसला इंग्लंडचा वकील असताना मेव्हण्यासाठी, म्हणजे हॅमिल्टनसाठी, इटालियन चित्रं गोळा करायचा. एका घरात एवढं सगळं.

चित्र हॅमिल्टनांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. १९४५ मध्ये काउंट आंत्वान झाइलर्न यांनी ते नॅशनल गॅलरीला दिलं.

९ ऑक्टोबर

सही नाही, मागच्या बाजूला पेन्सिलीने मूळ चित्राचं नाव, चित्रकार, माप आणि 'प्रतिकृती' एवढं लिहिलं. शाळेत लावायला मागितलं आहे, चित्रकलेच्या वर्गात. मुख्याध्यापकांना खाली पाटी हवी आहे. मी लिहून दिली: 'विल्यम फील्डिंग, पहिला अर्ल ऑफ डेनबी, आणि त्याला पोपट दाखवणारा हिंदुस्थानी मुलगा.' पाटी लांब होते म्हणून दुसरा भाग काढू का, असा निरोप आला. नको म्हटलं, अक्षर बारीक करा.

पोशाख दशावताराच्या एका मंडळींनी पाहिला आणि मागून नेला. राजाला होईल म्हणाले. मोहरी जरा आवळून घ्यावी लागेल, ते टेलरकडे गेलेत.

किरमिजी ग्लेझ अजून बोटाला किंचित चिकट लागतो. तात्पुरतं पातळ रिटच वार्निश डिसेंबरात कोरडी हवा पडली की, शेवटचं वार्निश पुढच्या एप्रिलच्या आधी नाही. तोवर भिंतीला तोंड करून नको, उजेडात उभं ठेवायचं. तेल अंधारात पिवळं पडतं.